चूल नसलेलं घर

मंगलाबाई चपला हातात घेऊन चालायची. ओझर गावातून आमच्या टाउनशिपपर्यंतचा डांबरी रस्ता उन्हाळ्यात असा तापायचा, की त्यावर पापड भाजून निघावा. पण बाई अनवाणी. वसाहतीच्या फाटकाशी आली की पाय फडक्यानं पुसायची, चपला घालायची आणि मग एखाद्या साहेबाच्या बायकोच्या थाटात आत शिरायची. मी एकदा म्हटलं, "मंगलाबाई, तुमचं सगळंच उलटं." तर म्हणाली, "चपल झिजली तर पैसं पडत्यात, सुमनताई. पाय झिजल्यावर कोण मागतंय?"

मी लग्न होऊन नाशिकहून ओझरला आले ते सत्तर साली. आमचे हे विमानाच्या कारखान्यात कामाला. कारखाना रशियनांच्या मदतीनं उभा राहिला होता, त्यामुळे वसाहतीत रशियन इंजिनिअरांची बरीच कुटुंबं राहायची. ओझरच्या बाजारात गोऱ्यापान बायका डोक्याला रुमाल बांधून यायच्या आणि बटाटेवाला त्यांना बघून "कार्तोश्का, कार्तोश्का" असं ओरडायचा. त्यांच्या भाषेत बटाट्याला तसं म्हणतात. पुढंपुढं तो मलाही कार्तोश्का विकायला लागला. मी म्हटलं, बाबा रे, मला बटाटेच दे.

मंगलाबाई अशाच एका रशियन बाईकडे घरकाम करायची. तिचं नाव नीना. नीनाकडचं आटोपलं की मंगलाबाईला आमची भांडी घासायला येणं सोयीचं होतं, पण माझ्या सासूबाईंना ते चालेना. "तिकडं काय शिजतं कोण जाणे. आधी आपल्याकडे ये, मग त्या म्लेंच्छांकडे जा." मंगलाबाईनं मान डोलावली आणि आधी आमच्याकडे यायला लागली. असल्या बोलण्याची तिला सवय होती. तिच्या सख्ख्या भावानं याच कारणावरून तिला तोडलं होतं.

ती मूळची दिंडोरीकडची. नवरा झुंबर ऐन तारुण्यात धनुर्वातानं गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी जमिनीवरून तिचं नाव उडवलं आणि तिला ओझरातली एक खोली दाखवली. झुंबर गेला त्या दिवशी दारात दुखवट्याची भाकरी घेऊन कोणी आलं नाही, हे ती कधीकधी सांगायची. आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे, सोयरेधायरे पिठलं-भाकरी घेऊन येतात, समोर बसून बळेबळे घास भरवतात. तिच्यावर दुसऱ्या दिवशी स्वतःची चूल स्वतः पेटवायची वेळ आली. "मयतीपेक्षा त्याचं वाईट वाटलं," असं म्हणायची आणि लगेच जीभ चावायची.

माहेरी धाकटा भाऊ सहादू. आई लवकर गेल्यामुळे मंगलाबाईनंच त्याला कडेवर वागवलेला. तो तिला न्यायला आला होता, पण भावजयीच्या चुलीवर जन्मभर भाकरी खायची तिची तयारी नव्हती. तिनं रशियनांकडचं काम धरलं. सहादूला कळलं तसा तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. "ते लोक काय काय शिजवत्यात. तू तिथली भांडी घासती. सोड ते काम." मंगलाबाई म्हणाली, "सोडून खाऊ काय?" शब्दानं शब्द वाढला आणि त्यानं तिथंच खंडोबाची आण घेतली, की तुझ्या हातचा घास माझ्या तोंडात जाणार नाय आणि माझ्या घरातही येणार नाय. तिनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या तसाच ठेवून तो निघून गेला. दोघंही एकाच आईची, हट्टालाही सारखीच.

भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जिला एसटीनं तासाभराच्या वाटेवर धडधाकट भाऊ आहे तिनं काय करायचं, ते कोणी सांगून ठेवलेलं नाही. माझ्या पहिल्या भाऊबीजेला मी फराळाचं ताट द्यायला तिच्या खोलीवर गेले होते. बाई पाट मांडून, भोवती रांगोळी घालून बसलेली. तांदळाची खीर झाकून ठेवलेली. दिवेलागणीपर्यंत पाट रिकामाच राहिला. मग ती ताट घेऊन अंगणात आली, पश्चिमेला दुजेची बारीक कोर दिसत होती तिला तिनं ओवाळलं. खीर शेजारच्या पोरांना वाटून टाकली. मला म्हणाली, "दर साली करायचं. एक ना एक साली तो येईलच की. एक घास खाल्ला माझ्या हातचा, की मी सुटले." हीच तिची जन्माची आस होती. दुसरं तिनं देवाजवळ काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

आता एकाहत्तरच्या जूनचं सांगते. मी तेव्हा नीनाकडे विणकाम शिकायला जायचे. तिला चार शब्द मराठी यायचे, मला दहा शब्द रशियन; उरलेलं हातवाऱ्यांनी. त्या महिन्यात तिचं विणण्यात लक्ष नसायचं. तिच्या मोठ्या रेडिओवर मॉस्को लावलेलं असायचं आणि ती कान लावून बसायची. त्यांच्या देशानं आभाळात एक घर सोडलं होतं, पृथ्वीभोवती फिरणारं. आणि तीन माणसं यानातून तिथं जाऊन, घराला यान जोडून, आत राहायला लागली होती. असं घर जगात पहिलंच. आमचे हे रात्री जेवताना मला सगळं नीट समजावून सांगायचे, मी ते सकाळी मंगलाबाईला सांगायचे.

नीनानं वर्तमानपत्रातला तिघांचा फोटो कापून भिंतीला लावला होता. मंगलाबाई केर काढताना त्याच्यापुढं थांबायची. एकदा तिनं मला विचारलं, "तिघांची भाकरी कोण करतंय?"

"कोणी नाही. डब्यातलं, नळ्यांतलं खातात. पिळायचं आणि गिळायचं."

"आन् चूल?"

"चूल नाही तिथं. विस्तव चालतच नाही."

ती केरसुणी धरून उभीच राहिली. "चूल नसलेलं घर म्हंजी सुतकाचं घर, ताई. कशाला गेले असतील हो तिथं?"

मी हसले. तिला म्हटलं, मंगलाबाई, विज्ञान आहे ते. ती म्हणाली, "आसंल."

संध्याकाळी आभाळ मोकळं असलं तर नीना बाहेर यायची. कधीकधी ते घर एखाद्या चालत्या चांदणीसारखं डोक्यावरून जाताना दिसायचं. दिसलं की नीना हात हलवायची, हसायची, डोळे पुसायची. मंगलाबाई घरी निघालेली असायची, ती हे बघत फाटकाशी उभी राहायची. आणि बघता बघता तिनं मनाशी एक ठरवून टाकलं, की वर गेलेल्या तिघांतला एक नीनाचा भाऊ आहे. फोटोतला मधला. तिच्या हिशेबानं दुसरं काही असूच शकत नव्हतं. संध्याकाळी अंगणात येऊन आभाळाकडे बघत बाई रडते ती कोणासाठी? खाली न येणाऱ्या भावासाठीच ना? ती स्वतः दर साली तेच करत होती.

हे तिनं माझ्याजवळ बोलून दाखवलं नाही. माहेरच्या माणसाचं कौतुक चारचौघांत करू नये, दृष्ट लागते, असं तिचं मत. सकाळी कामावर आली की फोटोकडे बोट करून नीनाला विचारायची, "बरं हाये?" नीना म्हणायची, "बरं, बरं." मग ती कामाला लागायची. मला वाटायचं, शिष्टाचार म्हणून विचारते.

जूनच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी लोकरीचा गुंडा घेऊन नीनाकडे गेले, तर रेडिओवर नुसतं संथ संगीत वाजत होतं. नीना खुर्चीत बसून हुंदके देत होती. मंगलाबाई तेवढ्यात आली. नीनानं तिच्याकडे बघितलं, फोटोकडे हात केला, मग वरून खाली जमिनीकडे हात आणला आणि डोळे मिटून घेतले. यान परत येताना वाटेत त्यातली हवा निघून गेली होती. जमिनीवर ते नीट उतरलं, माणसांनी धावत जाऊन दार उघडलं, आत तिघंही गेलेले. हे सगळं मला संध्याकाळी कळलं. मंगलाबाईला त्या हाताच्या खुणेतच कळलं.

ती रडली नाही. शेगडीवर दूध होतं, तिनं शेगडी बंद केली. चहाचं आधण मोरीत ओतून दिलं. "ताई, हिला सांगा, आता ह्या घरात पेटवायचं नाय." आणि आल्या पावली निघाली. चपला फाटकाशी काढायच्या विसरली, तशीच भराभर ओझरकडे चालत गेली. तिला रस्त्यावर चपला घालून चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी ती परत आली ती टोपली घेऊन. बाजरीच्या भाकरी आणि पिठलं, वर फडकं गाठ मारून बांधलेलं. नीनाच्या समोर फरशीवर बसली, तिलाही हात धरून खाली बसवलं, गाठ सोडली आणि भाकरीचा घास पिठल्याला लावून तिच्या तोंडाशी नेला. नीना माझ्याकडे बघायला लागली. मी माझ्या मोडक्या रशियनमध्ये सांगितलं, की आमच्यात अशा दिवशी घरात रांधत नाहीत, शेजारी आणतात, खावं लागतं. नीनानं मंगलाबाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पिठल्यात हिरवी मिरची अशी सणसणीत, की मलाही सोसली नसती. नीनाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती खात होती. एक अख्खी भाकरी तिनं त्या हातानं खाल्ली. मंगलाबाई मधूनमधून तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "खा माय, खा. त्याला तिकडं कळतंय." तेव्हा मलाही रडू फुटलं. त्या तिघांची नावंसुद्धा मला नीट म्हणता येत नव्हती.

गंमत, म्हणजे तिला गंमत म्हणवत नाही, पण दुसऱ्या दिवशी झाली. ओझरातल्या पाचसहा बायका डोक्यावर टोपल्या घेऊन रशियन क्वार्टरच्या जिन्यात हजर. पहारेकरी बिचारा गोंधळून गेला. मंगलाबाईनं गावात सांगितलं होतं, "आमच्या निनाबाईचा भाऊ गेला." मग काय, बायका निघाल्याच. त्यांच्यात ती बटाटेवाल्याची बायको धोंडाबाई होती, तिनं बटाट्याची भाजीसुद्धा आणली होती. सगळ्या मजल्यांवरचे रशियन बायका-पुरुष जिन्यात येऊन बसले आणि भाकरी खायला लागले. नीनाचा नवरा, तो धिप्पाड व्हिक्टर, दोन्ही हातांत भाकरी धरून लहान मुलासारखा रडत होता. माझ्या सासूबाईंनी खिडकीतून हे सगळं पाहिलं. त्या दिवसानंतर त्यांनी म्लेंच्छ हा शब्द उच्चारला नाही.

नीनाचा त्यात कोणी भाऊबिऊ नव्हता, हे मी मंगलाबाईला चार दिवसांनी सांगितलं. आमच्या भांड्यांना राख लावत होती. तिचा हात थांबला.

"भाऊ नाय? मग नात्यातला?"

"नात्यातलाही नाही. ओळखसुद्धा नव्हती. त्यांचा सगळा देश रडतोय मंगलाबाई."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "वळख ना पाळख, आन् ती बाई तशी रडली. माझा तर पाठचा हाय. जिता हाय." आणि राखेचे हात तसेच ठेवून पदर तोंडाला लावला.

त्याच आठवड्यात ती दिंडोरीला गेली. आल्यावर मी विचारलं. सहादूनं तिला ओसरीवर घोंगडी टाकून दिली, चहा दिला, तब्येत विचारली. तिनं त्याला आभाळातल्या घराची हकिकत सांगितली, माणसाचा भरवसा नसतो म्हणाली आणि बरोबर नेलेला लाडू पुढं केला. तो लाडवाकडे बघत राहिला. म्हणाला, "आक्का, आण घेतलीय मी." ती लाडू परत घेऊन आली. तो मला दिला. मी खाल्ला, चांगला झाला होता.

नीना दोन वर्षांनी तिच्या देशात परत गेली. जाताना तिनं मंगलाबाईला डोक्याचा रुमाल दिला आणि भिंतीवरचा तो फोटो दिला. मंगलाबाईनं फोटो आपल्या खोलीत देवाच्या फळीखाली चिकटवला. दर सर्वपित्रीला ती कौलावर कावळ्यांना पान ठेवायची, त्यात झुंबरच्या आवडीची गवार असायची आणि त्या तिघांसाठी म्हणून बटाट्याची भाजी. "लांबची माणसं हायेत, त्यांना हिकडचं काय रुचणार. कार्तोश्का बरा."

पुढं तिनं रशियनांकडचं कामही सोडलं. गुडघे धरले होते, आमच्यासारखी दोनतीन जवळची घरं ठेवली. लगोलग दिंडोरीला जाऊन तिनं सहादूला सांगितलं, की बाबा, सोडलं ते काम. तो आनंदला, म्हणे डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पण खंडोबाची आण. कारण गेलं तरी आण राहिली. जेजुरीला जाऊन सोडवून येतो म्हणाला. द्राक्षाची बाग लावली होती त्यानं नवीन. एका साली छाटणी आडवी आली, एका साली फवारणी, एका साली मुलीचं लग्न. जायचं राहात गेलं. मला त्या माणसाचा राग यायचा. मी म्हणायचे, देव काही जेजुरीतच बसून राहत नाही. मंगलाबाई म्हणायची, "आसू द्या. पुढच्या भाऊबीजेला येईल." आणि पाट मांडायची.

मग चौऱ्याऐंशीचा एप्रिल आला. आपला एक वैमानिक रशियनांच्या यानातून तसल्याच एका आभाळातल्या घरी गेला. वसाहतीत नुसता गलका. क्लबातल्या टीव्हीवर चित्रापेक्षा मुंग्याच जास्त दिसायच्या, तरी पोरं मांडीला मांडी लावून बसायची. आमचे हे तर असे फिरत होते, जणू यानाचे नटबोल्ट यांनीच आवळले. घरोघर पेढे वाटले. मी मंगलाबाईच्या हातावर पेढा ठेवला, तिनं तो परत डब्यात ठेवला.

"उतरू द्या आधी."

"अहो, आपला माणूस गेलाय वर."

"जायला काय, जात्यात. नंबर कितवा म्हनला यानाचा?"

मी सांगितलं, सोयुझ टी अकरा. ती म्हणाली, "तवाबी अकराच व्हता." मला आठवत नव्हतं. संध्याकाळी ह्यांना विचारलं, तर खरंच, एकाहत्तरचं यानही सोयुझ अकरा. हे म्हणाले, त्या वेळी त्यांच्या अंगावर हवाबंद पोशाख नव्हते, आता असतात, सांग तुझ्या मंगलाबाईला. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण रोज सकाळी आली की पहिला प्रश्न तोच, "आले का खाली?" आणि मी रोज म्हणायचे, अजून नाही.

ते वर असतानाच सहादू गेला. बागेत एप्रिलची छाटणी चालू होती, छातीत कळ आली आणि वेलीखालीच बसला तो उठलाच नाही. मंगलाबाईला कोणी कळवलं नाही. गडबडीत राहिलं असेल, नाहीतर कळवायचं कोणी यावरून मागंपुढं झालं असेल. द्राक्षांचा टेम्पो चालवणारा गोरक्ष म्हणून एक तिच्या माहेरचा. तो ओझरच्या स्टँडवर तिला बघून म्हणाला, "मावशी, तुमी हितं कशा? सहादूबाबाचा तिसरा झाला ना काल." बाजाराची पिशवी हातात असताना, भर रस्त्यात तिला हे कळलं. तोंड बघणं नाही, पाणी पाजणं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दाराशी आली. कामाला नाही. नीनाचा तो जुना रुमाल टोपलीवर बांधलेला, घट्ट गाठ. "सुमनताई, दिंडोरीला येता का संगं? एकटीला त्या दारात हुभं ऱ्हायला धीर होईना." मी चप्पल घातली आणि निघाले. एसटीत तिनं टोपली मांडीवरून खाली ठेवली नाही. टोपली गरम होती. मला एकदम कळलं, की भाऊ गेलाय हिचा, सुतक हिलाही आहे, आणि पहाटे उठून हिनं स्वतःच चूल पेटवली. मी तसं म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दुसरं कोन पेटवनार?"

भावजय लंकाबाई ओसरीवरच बसली होती. नणंदेला बघताच उठली, गळ्यात पडली, दोघी मोठ्यानं रडल्या. मी बाजूला उभी. रडणं ओसरल्यावर मंगलाबाई खाली बसली आणि टोपलीच्या गाठीला हात घातला. लंकाबाईनं तिचा हात धरला.

"आक्का, नगा सोडू."

"लंका, एक घास. तू नाय तर पोरास्नी."

"माझं काय हाय, आक्का. मी कवाच खाल्लं आसतं. पर त्यांनी आण घेतली व्हती, ह्या घरात येनार नाय म्हनून. घेतली त्यांनी, सोडवायची बी त्यांनीच. ते आसते तर आज ना उद्या सोडवली आसती. आता कोन सोडवनार?"

मंगलाबाईचा हात गाठीवर तसाच राहिला. मला भांडावंसं वाटत होतं. शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आले होते. पण लंकाबाईच्या चेहऱ्याकडे बघून भांडण सुचेना. ती नकार देत नव्हती, तीही अडकली होती. मेलेल्या माणसाचा शब्द, त्याला कोणाचे हात पोचतात?

निघताना लंकाबाई वेशीपर्यंत आली. म्हणाली, "एक सांगू का आक्का? भाऊबीजेला दिवस मावळला की ते अंगनात यून हुभे ऱ्हायचे. चंद्राची कोर बुडस्तोवर. जेवाय बोलवलं तरी हलायचे नाय. काय बघता म्हनलं, तर म्हनायचे, काय नाय. मला ठावं व्हतं. आक्का तिकडून ववाळत आसल, म्हनून."

मंगलाबाई मटकन रस्त्यातच बसली. एवढी सगळी वर्षं ती इकडून ओवाळत होती, तो तिकडे ओवाळून घेत होता, आणि मध्ये तासाभराची एसटी होती. मला त्या वेळी काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. संताप आला, एवढंच खरं. सहादूचा, खंडोबाच्या आणेचा, तिच्या पाटाचा, त्या चंद्राचासुद्धा.

परत ओझरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. स्टँडवर फटाके वाजत होते. पोरं तिरंगे घेऊन पळत होती, हॉटेलवाल्यानं रेडिओ मोठा करून बाहेर ठेवला होता. मंगलाबाई बाकावर बसली, टोपली मांडीवर. फटाक्यांकडे बघून तिनं विचारलं, "आले का खाली?"

मी हॉटेलवाल्याला विचारून आले. "आले, मंगलाबाई. उतरले नीट."

"तिघंबी?"

"तिघंही."

"जिते?"

"अगदी सुखरूप."

तिनं डोळे मिटले. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "बरं झालं माय. त्यांच्या घरी आता चूल पेटंल."

मग ती टोपलीकडे बघायला लागली. दुखवट्याचं अन्न, जिथं न्यायचं तिथून परत आलेलं. ते घरी नेता येत नाही, टाकून देववत नाही. ती नुसती त्या गाठीवरून बोट फिरवत होती. मी तिच्या शेजारी बसले, टोपली माझ्या मांडीवर घेतली आणि नीनाच्या रुमालाची गाठ सोडली. भाकरी गार होऊन वातड झाली होती, पिठलं घट्ट बसलं होतं. मी घास मोडला, पिठल्याला लावला आणि तिच्या तोंडाशी नेला.

"हे काय करता, ताई? तुमच्या घरी नाय काय झालं. आपशकुन आसतो."

"असू दे. खा."

"तुमची सासू—"

"खा गं मंगलाबाई. त्याला तिकडं कळतंय."

फटाके वाजत होते. माझा हात अवघडला, पण मी तो खाली घेतला नाही. बराच वेळ तिनं ओठ घट्ट मिटून ठेवले होते. मग तोंड उघडलं.